स्लॅब टाकण्याआधी: विकासक, वास्तुविशारद आणि बांधकाम परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील गृहप्रकल्पांचे विकासक, वास्तुविशारद आणि विद्युत सल्लागार,
तसेच महापालिका व नगरपालिकांच्या बांधकाम परवानगी विभागांतील अधिकारी

स.न.वि.वि.

नव्या इमारतीत विजेवरची गाडी चार्ज कुठे करायची, असे ताबा घेण्यापूर्वी विचारले की उत्तर मिळते, "ते नंतर सोसायटी ठरवेल." मुलीसाठी घर बघताना हे उत्तर मी वेगवेगळ्या प्रकल्पांच्या विक्री कार्यालयांत ऐकले आणि शेवटी तिने जिथे घर घेतले तिथेही ऐकले. मला ते मान्य नाही. सोसायटी स्थापन होते तोवर स्लॅब टाकून झालेले असतात, मीटर रूम बांधून झालेली असते, ट्रान्सफॉर्मर बसलेला असतो. ठरवायचे ते सगळे ठरून गेलेले असते आणि ते तुम्ही ठरवलेले असते. म्हणून हे पत्र सोसायटीला नाही, तुम्हाला आहे.

मी आयटीआयमध्ये शिल्पनिदेशक होतो. वायरमन आणि इलेक्ट्रिशियन या ट्रेडच्या मुलांना शिकवण्यात माझी नोकरी गेली. ही मुले आज पुणे, पिंपरी-चिंचवड, चाकण, सातारा या पट्ट्यात कामे घेतात आणि अडले की फोन करतात. अलीकडे त्यांचे फोन एकाच विषयावर असतात. "सर, चौथ्या मजल्याच्या बाल्कनीतून खाली पार्किंगपर्यंत वायर सोडायची आहे, किती एमएमची घेऊ?" मी सांगतो, ते काम घेऊ नकोस. पण नाकारणाऱ्याची रोजी बुडते आणि दुसरा कोणीतरी तीच वायर पावसाळी पाइपाला बांधून मोकळा होतो. उद्या तिथे ठिणगी पडली तर विचारणा त्या वायरमनची होणार. नकाशात केबलसाठी जी वाट ठेवायला हवी होती ती ठेवली नाही, याबद्दल कोणी कोणाला विचारणार नाही.

माझ्या मुलीच्या इमारतीचे सांगतो. इमारत पुण्याच्या पश्चिमेला आहे. विकासकाचे नाव लिहीत नाही, कारण त्याला एकट्याला उभे करून हा प्रश्न सुटणार नाही. तिची पार्किंगची जागा दुसऱ्या पोडियमवर (इमारतीखालच्या पार्किंगच्या मजल्यावर) सी विंगखाली आणि मीटर रूम ए विंगच्या स्टिल्टमध्ये. केबल नेण्याच्या मार्गाने मोजले तर अंतर सुमारे ७० मीटर. या ७० मीटरमध्ये एक आगरोधक भिंत, दोन मोठे बीम आणि एक स्लॅब. केबल ट्रे नाही, रिकामी नळी नाही, भिंतीत स्लीव्ह, म्हणजे केबल आरपार नेण्यासाठी आधीच ठेवलेला पाइपाचा तुकडा, नाही. साइटवर विचारले तेव्हा सांगण्यात आले की छिद्र पाडून घ्यायचे असेल तर घ्या, पण मग वॉटरप्रूफिंगची हमी राहणार नाही. म्हणजे सोय करायची तर हमी सोडायची आणि हमी ठेवायची तर गाडी बाहेर कुठेतरी चार्ज करायची. नवी कोरी इमारत घेणाऱ्याला अशी निवड करायला लावणे अन्यायाचे आहे.

ही अपेक्षा नवी असती तर मी इतका आग्रह धरला नसता. केंद्रीय गृहनिर्माण मंत्रालयाने आदर्श बांधकाम उपविधींमध्ये फेब्रुवारी २०१९ मध्येच दुरुस्ती सुचवली. इमारतीच्या पार्किंग क्षमतेच्या २० टक्के वाहनांसाठी चार्जिंगची सोय असावी आणि सगळे पॉइंट एकाच वेळी चालतील असे धरून त्यावर १.२५ च्या सुरक्षा गुणकाने जादा वीजभार इमारतीला असावा, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. महाराष्ट्राच्या २०२१ च्या विद्युत वाहन धोरणाने नव्या निवासी इमारतींतल्या किमान २० टक्के पार्किंग जागा चार्जिंगसाठी सज्ज असाव्यात असे म्हटले. २०२५ मध्ये राज्याचे नवे धोरणही आले. विजेच्या गाड्यांना अटल सेतूवर आणि समृद्धी महामार्गावर टोलमाफी देण्याचे ठरले. सरकार रस्त्यावर गाडीचे स्वागत करते आणि ती रात्री ज्या जागी आठ-दहा तास उभी राहते तिथे तिला वीज मिळत नाही.

पहिली तक्रार या 'सज्ज' शब्दाच्या वापराबद्दल. मंजूर नकाशावर काही चौकोन हिरवे रंगवून त्यात 'ईव्ही' लिहिले की जागा सज्ज होत नाही. मीटर रूमपासून त्या जागेपर्यंत केबल ओढता येईल अशी अखंड वाट असेल, पॅनलमध्ये ब्रेकरची जागा असेल आणि तेवढा भार मंजूर असेल, तरच ती सज्ज. मुलीच्या इमारतीत नकाशावर असे चौकोन आहेत. प्रत्यक्ष जागेवर त्यांच्या आसपास एकही नळी येत नाही. परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्यांनो, भोगवटा प्रमाणपत्रापूर्वी तुम्ही अग्निशमनाचा पंप चालवून बघता, लिफ्टची तपासणी मागता. मग या जागांची वाट कोणी तपासायची?

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे, कारण ती सुरक्षिततेची आहे. घरचा १५ अँपिअरचा सॉकेट गीझरसाठी बसवलेला असतो. गीझर पंधरा-वीस मिनिटांत बंद होतो. गाडी त्याच सॉकेटमधून सहा-आठ तास अखंड करंट ओढते. पिन जरा सैल असली, जोड नीट आवळलेला नसला की तिथेच उष्णता साठते, प्लास्टिक मऊ पडते, काळे पडते. वर्गात मी मुलांना असे जळके सॉकेट हातात देऊन दाखवत असे. भिंतीवरचा ७.२ किलोवॅटचा चार्जर लावला तर करंट ३२ अँपिअरच्या घरात जातो, तोही तासन् तास. म्हणून केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत चार्जिंग पॉइंटला स्वतंत्र सर्किट हवे, करंटची गळती ३० मिलिअँपिअरवर गेली की वीज तोडणारे संरक्षण हवे, आणि गाडी जोडायला एक्स्टेंशनची वायर वापरायची नाही, असे सांगितले आहे. वाट ठेवली नाही की नेमकी एक्स्टेंशनची वायरच येते. पार्किंगमधल्या दिव्याच्या पॉइंटवरून कोणी जोड घेतो, कोणी लिफ्टच्या खोलीतून घेतो. त्या सर्किटला अर्थिंग आहे का, असेल तर ते किती चांगले, हे कोणालाच माहीत नसते.

मागाहून काम करण्यात दुसरा धोका इमारतीला आहे. आजकाल पार्किंगचे मोठे स्पॅन काढण्यासाठी पोस्ट-टेन्शन स्लॅब घालतात. त्यातल्या ताणलेल्या तारा कुठून गेल्या आहेत हे रहिवाशाला दिसत नाही, कोअर कटिंग करणाऱ्याला, म्हणजे यंत्राने छिद्र पाडणाऱ्यालाही दिसत नाही. एखादी तार कापली गेली तर ते साधे छिद्र राहत नाही, स्लॅबची ताकद जाते. साध्या स्लॅबमध्येही सळई कापली जाते. पोडियमवर बाग असेल तर खालच्या गाड्यांवर गळती सुरू होते आणि मग विकासक, सोसायटी आणि छिद्र पाडणारा सभासद यांचे वाद वर्षानुवर्षे चालतात. गृहप्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार बांधकामातल्या दोषांची जबाबदारी ताब्यापासून पाच वर्षे विकासकावर असते. अशा एका छिद्रावरून त्या जबाबदारीचा वाद कसा फिरवला जाईल, हे तुमच्या कायदा सल्लागारांना माझ्याहून चांगले कळते.

सेंट्रिंग लागलेले असताना त्यात एक स्लीव्ह टाकून ठेवायला साइटवरच्या इलेक्ट्रिशियनला किती वेळ लागतो, ते त्यालाच विचारा.

तिसरी तक्रार तुमच्या विद्युत सल्लागारांच्या हिशोबाबद्दल आहे. "सगळ्यांनी गाड्या घेतल्या तर ट्रान्सफॉर्मर पुरणार नाही, म्हणून परवानगी देता येत नाही," हे कारण मुलीला ऐकवले गेले. हा हिशोब मी इथे मांडतो. रोज चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर चालणाऱ्या गाडीला सुमारे सात युनिट वीज लागते. शंभर घरांची इमारत घ्या आणि प्रत्येक घरी अशी एक गाडी आहे असे धरा. रात्रीची एकूण गरज ७०० युनिट. रात्री दहा ते सकाळी सहा हे आठ तास धरले तर सरासरी भार ८७.५ किलोवॅट येतो. चार्जिंगमधली घट धरून शंभर म्हणा. आता २० टक्क्यांचा नियम घ्या: वीस गाड्या, प्रत्येकी ७.४ किलोवॅट, एकदम चालू. होतात १४८ किलोवॅट, आणि १.२५ ने गुणले की १८५. म्हणजे नियमाप्रमाणे वीस जागांसाठी जेवढा भार ठेवायचा, तेवढ्यात गाड्या आलटून पालटून चार्ज केल्या तर शंभर गाड्यांची रोजची गरज भागते आणि वर शिल्लक उरते. गाड्यांमध्ये भार वाटून देणारी यंत्रणा बाजारात मिळते. फक्त ती बसवायला सगळ्या जागांपर्यंत एकसंध वाट लागते. वीस गाड्यांपुरती वाट ठेवून ऐंशी घरांना कायमचे बाहेर ठेवण्यात अर्थ नाही. भार २० टक्क्यांचा ठेवा, नळी मात्र सगळ्यांना द्या. माझे म्हणणे एवढ्यात येते.

केबलच्या जाडीचाही विचार आधीच व्हायला हवा. ३२ अँपिअरचा करंट ६ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलमधून ७० मीटर नेला तर साधारण १६ व्होल्ट वाटेतच जातात, २३० पैकी सात टक्के. १० चौरस मिलिमीटरची केबल घेतली तर ही घट दहा व्होल्टच्या आसपास येते. आता २० मिलिमीटरच्या दिव्याच्या कंड्युटमधून अशी केबल ओढून बघा. ओढली जात नाही. म्हणून वाट ठेवायची तर ४० किंवा ५० मिलिमीटरची, वळणे कमी आणि रुंद, मध्ये ओढण्यासाठी पेट्या. आणि मीटर रूम एका टोकाला, पार्किंग दुसऱ्या टोकाला असेल तर प्रत्येक पोडियमवर चार्जिंगचे एक वेगळे वितरण पॅनल ठेवावे, म्हणजे शेवटची केबल छोटी राहते. आराखड्याच्या टप्प्यावर हे अर्ध्या तासाचे काम आहे.

मीटरचा मुद्दाही राहतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती झाली आणि गाडीच्या चार्जिंगसाठी ग्राहकाला स्वतंत्र जोडणी मागण्याचा अधिकार मिळाला. नवी जोडणी महानगरांत तीन दिवसांत, इतर पालिका क्षेत्रांत सात दिवसांत आणि ग्रामीण भागात पंधरा दिवसांत द्यायची, असेही त्यात आहे. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. महिन्याला हजार किलोमीटर चालणारी गाडी दीडेकशे युनिट वाढवते आणि मध्यमवर्गीय घर वरच्या टप्प्यात ढकलले जाते. म्हणून स्वतंत्र मीटर हा पैशाचाही प्रश्न आहे. मीटर तीन दिवसांत मिळेलही, पण मीटर रूमच्या भिंतीवर तो लावायला इंचभर जागा नसेल तर त्या अधिकाराचे करायचे काय?

यांत्रिक पार्किंगबद्दल मला विशेष चिंता आहे. पुण्या-मुंबईच्या पुनर्विकासात एकावर एक गाड्या चढवणाऱ्या पार्किंगशिवाय नकाशाच बसत नाही, हे मी समजू शकतो. पण वर-खाली, डावी-उजवीकडे सरकणाऱ्या पाटावर उभ्या गाडीला वायर जोडता येत नाही. जोडलीच आणि पाट हलला तर केबल तुटेल. यावर इलाज आहेत: पाटाबरोबर सरकणारे संपर्क, किंवा निदान तळमजल्यावर काही स्थिर जागा सामायिक चार्जिंगसाठी राखून ठेवणे. पण त्याची मागणी यंत्र खरेदी करतानाच पुरवठादाराकडे करावी लागते. यंत्र बसल्यावर कोणी ऐकत नाही. ज्या प्रकल्पात सगळेच पार्किंग यांत्रिक आहे तिथल्या ग्राहकाला हे आधी सांगितले गेले पाहिजे. तो दहा-पंधरा वर्षे कर्ज फेडणार आहे, तेवढ्या काळात त्याची पुढची गाडी कुठली असेल याचा विचार त्याला करू द्या.

दुचाक्यांना तर कोणी मोजतच नाही. पुण्यात विजेवरच्या स्कूटर गाड्यांच्या कितीतरी आधी घराघरांत आल्या. ज्यांची बॅटरी निघते ते ती वर नेतात आणि रात्रभर दिवाणखान्यात, दाराजवळ चार्जिंगला लावून झोपतात. आग लागली तर बाहेर पडायचा रस्ता तोच. ज्यांची बॅटरी निघत नाही ते बाल्कनीतून वायर सोडतात. दुचाकीच्या पार्किंगच्या भिंतीवर काही सुरक्षित सॉकेट, प्रत्येकाला स्वतंत्र ब्रेकर आणि सब-मीटर एवढे झाले तरी त्या बॅटऱ्या घराबाहेर येतील.

आणि हे फक्त शहरातल्या टॉवरांचे नाही. सातारा, कराड, सांगलीकडे आयुष्यभराची पुंजी घालून बंगले बांधले जातात. तिथे पोर्चमध्ये वास्तुविशारद एक दिवा आणि एक बेलचा पॉइंट काढतो. पोर्च गाडीसाठीच आहे ना? मग मुख्य बोर्डापासून पोर्चपर्यंत एक जाड नळी, वेगळी अर्थिंग आणि बोर्डात दोन रिकाम्या जागा ठेवा. चार्जिंगचे तोंड कोणत्या गाडीला पुढच्या जाळीत असते, कोणत्या गाडीला मागच्या बाजूला, तेव्हा पॉइंट पोर्चच्या मधल्या खांबाजवळ ठेवला तर दोन्हीकडे केबल पोचते. छतावर सौर पॅनल घ्यायचा विचार असेल तर गच्चीपासूनची नळीही त्याच वेळी टाका. घरमालकाला हे सुचणार नाही. त्याने तुम्हाला फी त्यासाठीच दिली आहे.

इंग्लंडमध्ये १५ जून २०२२ पासून पार्किंग असलेल्या नव्या घराला किमान ७ किलोवॅटचा चार्जिंग पॉइंट सक्तीचा आहे. मी तेवढे मागत नाही. चार्जर ज्याचा त्याने घ्यावा, केबलही त्यानेच घ्यावी. केबलची वाट मात्र तुमच्याशिवाय दुसरे कोणी देऊ शकत नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत.

१. प्रत्येक नव्या निवासी प्रकल्पात, मंजूर टक्केवारी काहीही असो, मीटर रूमपासून प्रत्येक पार्किंग जागेजवळ पोचणारी अखंड वाट (केबल ट्रे, स्लीव्ह आणि किमान ४० मिलिमीटरची नळी) मूळ विद्युत आराखड्यात दाखवावी आणि स्लॅबबरोबरच घालावी.

२. मीटर रूममध्ये चार्जिंगच्या मीटरांसाठी भिंत राखून ठेवावी. चार्जिंगसाठी किती भार मंजूर करून घेतला आणि तो कसा काढला, हे ताबा देताना लेखी द्यावे.

३. महारेराने (राज्याच्या रेरा प्राधिकरणाने) एप्रिल २०२४ मध्ये आच्छादित पार्किंगची लांबी, रुंदी, उंची आणि नेमकी जागा करारनाम्याच्या परिशिष्टात नोंदवणे सक्तीचे केले. त्याच परिशिष्टात एक ओळ वाढवावी: या जागेपर्यंत चार्जिंगची वाट आहे किंवा नाही, असल्यास कोठून. यासाठी महारेराने आदेश काढावा. तो निघेपर्यंत विकासकांनी स्वतःहून ही ओळ लिहावी. ज्यांनी वाट ठेवली आहे त्यांचे यात काहीच बिघडत नाही.

४. भोगवटा प्रमाणपत्रापूर्वी अधिकाऱ्यांनी जागेवर जाऊन, निवडलेल्या कोणत्याही पाच नळ्यांतून दोरी ओढून बघावी. दोरी दुसऱ्या टोकाला आली तर वाट आहे. त्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही.

५. ज्या प्रकल्पांचे पार्किंगचे स्लॅब अजून टाकायचे आहेत, त्यांचे सुधारित विद्युत आराखडे आत्ताच मागवावेत. जुन्या परवानगीचे कारण चालू देऊ नये.

६. दुचाकीच्या पार्किंगमध्ये सब-मीटरसह सुरक्षित सॉकेट द्यावेत आणि यांत्रिक पार्किंगमध्ये काही स्थिर जागा सामायिक चार्जिंगसाठी राखाव्यात.

७. इमारत सोसायटीकडे सोपवली जाईपर्यंत चार्जिंगच्या परवानगीचा अर्ज विकासकाकडे येतो. त्याला ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्यावे, आणि नकार असेल तर तांत्रिक कारण आकड्यांसह द्यावे. तोंडी नकार आम्ही ग्राह्य धरणार नाही.

मुलीच्या इमारतीचा बी विंग अजून बांधकामात आहे आणि तिथल्या दुसऱ्या पोडियमचा स्लॅब टाकायचा आहे. तिथल्या विकासकाला मी या पत्राची प्रत आणि त्या पोडियमसाठी नळ्यांचा हाताने काढलेला नकाशा वेगळा पाठवला आहे. ज्या पालिकेला भोगवटा तपासणीत हे कलम घालायचे असेल तिला तपासणीची यादी तयार करून द्यायला मी तयार आहे, कोणताही मोबदला न घेता. तपासणी शिकवायची असेल तर तीही शिकवेन. उत्तराची वाट पाहतो.

आपला,
एक निवृत्त शिल्पनिदेशक,
पुणे